पाहुण्यांबरोबरचा चहा धरत नाहीत

“माइक? माइक त्या मोंघीला द्या! माझ्या गळ्यात माताजीनं जन्मतःच बसवून पाठवलाय!”

दर नवरात्रीत खाखरवाड्याच्या चौकात उभ्या राहून रळियातबेन हे असं ठणकावायच्या, आणि खरं सांगायचं तर त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. त्यांनी गरबा उचलला की गावाबाहेर भुईमुगाची राखण करणारी माणसंसुद्धा माळ्यावर बसून टाळ्या द्यायची. ओळ टाकायची रळियातबेननं आणि झेलायची बाकीच्या बायकांनी, हा गावाचा कायदाच होता म्हणा ना!

आणि यंदा आषाढात, पोरींच्या व्रताच्या दिवशी देवळात गाताना, घोटाळा झाला. तिसऱ्या ओळीला धाप लागली, चौथीला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाचवी ओळ एरवी मागून झेलणाऱ्या मोंघीबेननं उचलली! रळियातबेन तिथंच खांबाला टेकून बसल्या. धाप त्यांनी सोसली असती हो, पण मोंघीनं ओळ उचलावी?

“आळस चढलाय अंगात, दुसरं काय!” घरी आल्यावर त्यांचे यजमान वशरामभाई म्हणाले. “गेले सहा महिने बघतोय. उठता-बसता खाट लागते तुला.”

रळियातबेनचं टाळकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला हाताला धरून त्या चौकातल्या डॉक्टर नथवाणींच्या दवाखान्यात हजर! डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त काढून तपासायला पाठवलं आणि अहवाल आल्यावर कपाळाला हात लावला.

“बेन, तुमचं हिमोग्लोबिन सात आहे, सात! बारा पाहिजे. अ‍ॅनिमिया झालाय तुम्हांला. एवढ्याशा रक्तावर तुम्ही चालत आलात कशा?”

दुसरी कोणी असती तर तिनं डोळ्याला पदर लावला असता. रळियातबेन खुर्चीतून ताड्‌कन उठल्या.

“ऐकलंत, भावेशचे बापू? आळस नाही, अ‍ॅनिमिया! डॉक्टर, जरा मोठ्यानं सांगा बघू परत! यांना एका कानानं कमी ऐकू येतं.”

“बसा, बसा! आनंद कसला होतोय तुम्हांला?” डॉक्टर वैतागले. “रक्त कमी का झालं ते शोधायला हवं. आणि नीट ऐका. नवरात्रीपर्यंत हा आकडा दहाच्या वर गेला नाही तर गरबा बंद. गाणं नाही, नाचणं नाही. राजकोटला नेऊन रक्त चढवावं लागेल.”

आता मात्र रळियातबेन खुर्चीत परत बसल्या. गरबा बंद म्हणजे चौक मोंघीच्या हातात!

मग कारणाचा शोध सुरू झाला. तालुक्याला जाऊन सोनोग्राफी झाली, दुर्बिणीनं पोट पाहून झालं, जंत आहेत का तेही पाहिलं. सगळं ठणठणीत! रक्त कुठूनही जात नव्हतं. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली.

“चहा किती घेता?”

“दोन. सकाळी एक, दुपारी एक.” रळियातबेननं बेधडक सांगितलं, आणि सून दक्षानंही मान डोलावली.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, पालेभाजी खायला सांगितली आणि महिन्यानं या म्हणाले.

इकडे दवाखान्यातून घरी येता येता रळियातबेननं प्रत्येक ओट्यावर थांबून ‘आळस नाही, अ‍ॅनिमिया’ जाहीर केलेलं. त्यामुळे संध्याकाळपासून माणसांची रीघ लागली. खाखरवाड्यात कुणी आजारी आहे म्हटल्यावर खबर काढायला गेलं नाही तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि खबर काढायला आलेल्याला चहा पाजला नाही तर घरच्यांना उरत नाही!

“चहा ठेव गं दक्षा!”

“नको नको, आत्ताच घेऊन निघाले.”

“अर्धी तरी घ्या.”

“मग तुम्हीही घ्या. तुम्ही बशी उचलल्याशिवाय मी हात लावणार नाही.”

“अहो, मी आत्ताच भाखरीबरोबर...”

“माझ्या गळ्याची शपथ आहे!”

आता दुसऱ्याच्या गळ्याची शपथ म्हटल्यावर माणूस करणार काय? रळियातबेन बशी उचलायच्या. गोळीची वेळ झाली असली तर लगे हात गोळीही त्याच घोटाबरोबर. गोळीला म्हणे गंजलेल्या खिळ्याची चव होती, आणि चहानं ती पार जायची! एक पाहुणा उठेपर्यंत दुसरा चपला काढत असायचा. दूधवाला दोनदा यायला लागला.

मोंघीबेनही आल्या. ढीगभर बीट घेऊन आल्या आणि मधासारखं बोलल्या, “तू आराम कर हो, रळियात. गरब्याची काळजी करू नकोस. मी आहे ना!”

“तू आहेस म्हणूनच तर काळजी आहे,” रळियातबेन म्हणाल्या. चहा मात्र दोघी बरोबरच प्यायल्या. भांडण वेगळं, व्यवहार वेगळा.

महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. आकडा वाढायचा राहिला बाजूला, सातच्याही खाली घसरला!

“असं होऊच शकत नाही!” डॉक्टर उडालेच. “गोळ्या घेता ना?”

“एक चुकवली असेल तर जीभ झडो!”

घरी परतताना रळियातबेन एकाही ओट्यावर थांबल्या नाहीत. आपल्या ओट्याशी आल्यावर त्यांचे डोळे भरले. “भावेशचे बापू, गरबा नाही म्हटल्यावर मी नवरात्रीत करू काय हो? घरात बसून मोंघीला ऐकू?”

बायको रडलेली वशरामभाईंनी लेकीच्या पाठवणीनंतर पहिल्यांदाच पाहिली. त्यांना तिला आळशी म्हटल्याचं आठवलं आणि गलबलून आलं. आता कारण आपणच शोधायचं, असं त्यांनी ठरवलं. रात्रभर डोकं चालवून सकाळी त्यांनी निकाल दिला, “ढेकूण! तू गोळ्यांनी रक्त बनवतेस आणि ते पिताहेत. त्या खाटेतच आहेत सगळे!”

झालं! खाट अंगणात उभी केली, गाद्या, गोधड्या, उशा बाहेर फेकल्या. चांगले कपडे कशाला खराब करा म्हणून वशरामभाईंनी जुनं पांढरं धोतर नेसलं, वाफ लागू नये म्हणून डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलं आणि खाटेवर उकळतं पाणी ओतायला लागले. वाफेनं डोळ्यांतून घळाघळा पाणी!

रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानं काय पाहिलं? खाट बाहेर काढलेली, अंथरूण बाहेर टाकलेलं, वशरामभाई पांढऱ्या कपड्यांत रडताहेत, आणि त्यांची बायको तर महिनाभर आजारी! विचारायची सोयच उरली नाही. बातमी वाऱ्यासारखी गावभर गेली.

घटकाभरात अंगण भरलं. पुरुष डोक्यावर पंचे घेऊन ओळीनं खाली मान घालून बसले. बायका पदर पुढे ओढून हंबरडा फोडत आल्या आणि सगळ्यांत पुढे मोंघीबेन! “अगं रळियात, आता मी भांडू कुणाशी गं?”

रळियातबेन मागच्या पडवीत शेंगा फोडत होत्या. रडणं ऐकून त्या धावत आल्या. कोण गेलं ते ठाऊक नाही, पण शेजारधर्म तो शेजारधर्म! त्यांनी पदर ओढला, मोंघीच्या गळ्यात पडल्या आणि धाय मोकलून रडायला लागल्या. बऱ्याच वेळानं हळूच विचारलं, “कोण गं गेलं?”

“रळियात!” मोंघी हुंदक्यातून म्हणाली. मग तिनं पदर वर करून पाहिलं आणि अशी किंचाळली, अशी किंचाळली, की वशरामभाईंच्या हातून उकळत्या पाण्याचं भगुणं निसटून खाटेवर आदळलं आणि खाटेचा पाय मोडला!

सगळा उलगडा झाल्यावर हसून हसून लोकांच्या मुरकुंड्या वळल्या. आता, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी आपापल्या घरून किटल्या भरभरून चहा आणलेला होता. तो काय ओतून द्यायचा? बशा फिरल्या. आणि मेलेलं माणूस जिवंत निघाल्यावर त्याच्यासोबत अर्धी घ्यायला कोण नाही म्हणेल? प्रत्येकाला रळियातबेनबरोबरच घ्यायची होती!

इतक्यात डॉक्टर नथवाणी धापा टाकत आले. दवाखान्यात बातमी कळली तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं. येऊन पाहतात तो मयत व्यक्ती एका हातात गोळी, दुसऱ्या हातात बशी घेऊन बसलेली!

“थांबा!” डॉक्टर ओरडले. “गोळी चहाबरोबर? आज सकाळपासून किती चहा झाले?”

“एकच. दुपारचा व्हायचाय.”

“मग हातात आहे तो काय आहे?”

“हा?” रळियातबेनना प्रश्नच कळला नाही. “हा तर पाहुण्यांबरोबरचा! तो धरत नाहीत.”

“धरत नाहीत?”

“नाही धरत,” वशरामभाई म्हणाले. “नाही हो धरत,” अंगणातली सगळी मंडळी एका सुरात म्हणाली. “तो व्यवहार असतो, डॉक्टर!”

डॉक्टर त्या मोडक्या खाटेवरच बसले. “अहो, जेवणातलं लोह, गोळीतलं लोह, सगळं हा चहा पोटात अडवून धरतो! अंगाला लागूच देत नाही! वर्षानुवर्षं जेवणाबरोबर चहा पिताय, त्यानंच रक्त आटलं तुमचं. आणि आता गाव तुमची खबर काढायला येतं म्हणून अधिकच आटतंय. आजपासून चहा बंद! गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची.”

“सापडलं!” रळियातबेन टाळी वाजवून ओरडल्या. “ढेकूण नाहीत, भावेशचे बापू! तुमची चांगली खाट मोडली ती मोडलीच!”

पण दुसऱ्या दिवसापासून नवीनच संकट. अ‍ॅनिमियाला आली नव्हती तेवढी माणसं चहा बंद झाला म्हणून धीर द्यायला यायला लागली! “रक्ताचं काय, होईल हो. पण चहा? असं कसं जगणार, बेन?” आणि त्यांच्यासाठी अर्थातच चहा ठेवला जायचा. “अर्धीनं काय होतंय? डॉक्टरांना काय कळतंय? माझ्या गळ्याची शपथ!” रळियातबेन दोन दिवस लढल्या आणि तिसऱ्या दिवशी बशी ओठाला लावता लावता थबकल्या.

बशी खाली ठेवून त्या उठल्या. थेट चौकात माताजीच्या ओट्यासमोर गेल्या, हात जोडले आणि माइक नसताना अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “माताजी, शेवटच्या रात्रीचा गरबा तुझ्यापुढे गाईन तेव्हाच चहाला तोंड लावीन. तोवर मला चहाची बाधा! नवसच हा तुझ्या नावाचा!”

संपलं! डॉक्टरचं सांगणं गाव मोडेल, पण माताजीची बाधा? कुणाची छाती आहे? मोंघीबेननं एकदा सवयीनं बशी पुढे केली तर बायका तिच्या अंगावरच धावल्या. “अगं, बाधा मोडायला लावतेस? पाप लागेल!” बिचारीला दोन्ही बशा स्वतःच संपवाव्या लागल्या.

नवरात्रीच्या आदल्या दिवशी रक्त तपासलं. साडेदहा! डॉक्टरांनी स्वतः पेढा भरवला. आणि मग नऊ रात्री तो आवाज चौकात असा घुमला, की माइक लावून बसलेल्या मोंघीबेननं दुसऱ्या रात्री माइक बंद केला आणि मुकाट्यानं ओळ झेलायला लागली. शेवटच्या गरब्याला तर वशरामभाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी कुठेही वाफ नव्हती!

गरबा संपला. आरती झाली. आणि बायकांनी माताजीपुढचं झाकलेलं भलंमोठं पातेलं उघडलं. आलं-वेलदोड्याचा वाफाळता चहा! गावानं रळियातबेनची बाधा फेडायला नैवेद्यच चहाचा दाखवला होता.

मोंघीबेननं पहिली बशी भरून पुढे केली. “घे, रळियात. प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणत नाहीत!”

रळियातबेननं बशी हातात घेतली. पण आजची गोळी घ्यायची राहिली होती. त्यांनी गर्दीत डॉक्टरांना शोधलं. “डॉक्टर, काय करू? हा धरायचा का?”

प्रसादाच्या रांगेत उभे राहून डॉक्टर नथवाणींनी फुरर्‌ करून आपली बशी संपवली, मिशी पुसली आणि म्हणाले,

“प्रसादाचा धरत नाहीत, बेन. मला आणखी अर्धी द्या!”