तीन पंगतींचा प्रश्न

दिवाणखान्यातल्या फळ्यासमोर गोपिकेच्या आत्या, यमुताई, उभ्या होत्या. गोपिकेने चहाची बशी जिथल्या तिथे, अधांतरी धरून ठेवली होती. डिसेंबरचे पिवळे ऊन खडूच्या वर्तुळांवरून सावकाश सरकत होते. प्रत्येक वर्तुळात एका नातेवाइकाचे नाव, आणि वर्तुळावर्तुळांमध्ये रेघा. यमुताईंच्या वर्तुळातून निघालेल्या रेघा वडाच्या पारंब्यांसारख्या चहूकडे उतरल्या होत्या.

"हे काय होय, जावईबापू?" शेवटी यमुताईंनी विचारले. "आणि माझ्यातून इतक्या रेघा काहून निघून राहिल्या?"

गोपिकेने नवऱ्याकडे असे पाहिले की दुसरा कोणी असता तर त्याने त्या क्षणी फळा पुसून टाकला असता. पण प्राध्यापक मार्तंड सोनटक्के गणित शिकवत असत. कोणी प्रश्न विचारला की त्याचे उत्तर द्यायचे, यापलीकडचा व्यवहार त्यांना ठाऊक नव्हता.

"ज्या दोघांचं पटत नाही, त्यांच्यात रेघ," ते प्रसन्नपणे म्हणाले. "आत्याबाई, या आकृतीतला सर्वांत महत्त्वाचा बिंदू तुम्ही आहात."

गोपिकेने कप घाईघाईने आत्याच्या पुढे केला.

गोपिकेच्या वडिलांना, विश्वनाथरावांना, पावसाळ्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. येत्या रविवारी त्यांच्या साठीचे जेवण लक्ष्मीनगरात, लेकीच्या घराच्या गच्चीवर ठरले होते. त्यांनी मागितले होते एवढेच, की सगळ्यांनी यावे आणि भरल्या पानावरून कोणी उठू नये. कोणी उठले तर तेही उठतील. या घराण्यात भरल्या पानावरून उठणे ही पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली कला होती. मागच्या बारशाला यमुताई श्रीखंड तसेच टाकून उठल्या, आणि त्यांचा हा भाऊही मुकाट्याने उपाशी उठला. आता उपास आणि धक्के, दोन्ही डॉक्टरांनी वर्ज्य सांगितले होते. गच्ची लहान म्हणून पंगती तीन करायच्या, आणि न पटणारी दोन माणसे एका पंगतीत येऊ द्यायची नाहीत, असा बेत होता.

एरवी हा मेळ गोपिका कणीक मळता मळता मनातच जमवी. या खेपेस मार्तंडरावांच्या कानावर तो पडला, आणि काळोख्या विहिरीत अचानक आभाळ दिसावे तसे त्यांना झाले. कोणते प्रश्न यंत्राला झटपट सुटतात आणि कोणते सुटता सुटत नाहीत, याची वर्गवारी हे त्या वर्षांतले त्यांचे वेड होते.

"दोनच पंगती असत्या तर प्रश्न सोपा होता," ते तिला म्हणाले होते. "एकाला पहिल्या पंगतीत बसव, त्याच्या वैऱ्यांना दुसऱ्या, त्यांच्या वैऱ्यांना पुन्हा पहिल्या. अडलं, तर उत्तरच नाही. पण तीन पंगती झाल्या की हाच प्रश्न अवघड वर्गात जाऊन बसतो! कोणी मांडणी आयती आणून दिली, तर ती बरोबर आहे का हे चहा गार व्हायच्या आत सांगता येतं. पण ती शोधून काढायची झटपट रीत आजवर जगात कोणालाही सापडलेली नाही."

"अवघड आहे हे मलाही माहीत आहे," गोपिका म्हणाली होती. "तुम्ही सोडवणार का?"

"तो अवघड आहे हे मी सिद्ध करू शकतो."

त्या आत्मविश्वासाचे फळ आता भिंतीवर होते, आणि यमुताई ते चष्मा पुसून वाचत होत्या.

"मधुसूदनशी रेघ? माझ्या सख्ख्या भावाशी? अहो, मी बोलते त्याच्याशी. तोच नाही बोलत."

"रेघेला दिशा नसते, आत्याबाई."

"नसते? मंग त्यालेच जाऊन विचारते, काहून नसते ते!"

आणि चहा न घेता यमुताई सायकलरिक्षात बसून भावाकडे, धंतोलीला निघून गेल्या.

संध्याकाळी मधुसूदनकाका स्वतः आले. गोपिकेला वाटले, आता रेघ पुसा म्हणतील. काकांनी फळ्यावर आपले वर्तुळ शोधले, त्यावर बोट ठेवले, आणि ते बोट भैयाजींच्या वर्तुळापर्यंत कोऱ्या जागेतून नेले. भैयाजी म्हणजे गोपिकेचे मामा. त्यांचे कन्हानला लाकडाचे दुकान होते.

"इथं काहीच नाही?" काका दुखावल्या आवाजात म्हणाले. "माझ्या पोराच्या मुंजीत या माणसानं साऱ्या मांडवाले विडा दिला, मले सोडून! तेव्हापासून मी त्याची सावली टाळून राहिलो. अन् तुमच्या फळ्यावर त्याची साधी एक रेघ नाही? हाच मान ठेवता का आमचा?"

"क्षमा करा, माहिती अपुरी होती," म्हणून मार्तंडरावांनी नम्रपणे रेघ ओढली. ती ओढताच सबंध मांडणी कोसळली. तीन पंगतींत कोणाला कुठेही बसवले तरी एक वैर उरायचेच. मार्तंडराव हरखले.

"गोपिका, एक रेघ पुसली की सुटतंय बघ! उद्या मामांना भेटून पुसूनच घेतो."

"नका जाऊ," गोपिका म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची स्कूटर कन्हानच्या रस्त्याला लागली होती.

भैयाजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग करवत थांबवायला सांगितली.

"म्हंजे आमचं भांडण हाय?"

"मुंजीपासून."

"अन् मले कोणी सांगतलंच नाही गा!" भैयाजी फळकुटावरून उठले. "मी त्याले दर दिवाळीले राम राम करतो, तो मान फिरवते, तं मले वाटे त्याची मान धरली असंन! बरं झालं जावईबापू, तुमी सांगतलं. आता पाहतोच मी त्याच्याकडे!"

दुकान बंद करून भैयाजी भांडायला थेट धंतोलीला पोचले. तिथे यमुताई पुन्हा आलेल्या होत्या. कालचे भांडण त्यांच्या मते अर्धेच झाले होते. तिघे एकमेकांवर तुटून पडले. पण भांडायचे म्हणजे बोलावे लागते, आणि या तिघांनी एकत्र असे बोलून फार काळ लोटला होता. विड्याचे तबक मुंजीत काकांच्या अलीकडच्याच खांबापाशी संपले होते, तेही निघाले. मग यमुताई अचानक थबकल्या.

"माझी रेघ कोणी ओढली?"

"जावयानं," काका म्हणाले.

"अन् तुमची?"

"जावयानंच," भैयाजी म्हणाले. "घरोघर फिरून भांडणं मोजून राहिला तो!"

त्यावर काकांनी आतून चहा मागवला.

रविवारी गच्चीवर मार्तंडराव हातात खडू घेऊन उभे होते. "पहिली पंगत," त्यांनी पुकारले, आणि तीन नावे घेतली न घेतली तोच यमुताई येऊन पाटावर बसल्या. त्यांच्याशेजारी मधुसूदनकाका बसले. काकांना खेटून भैयाजी बसले. मग उरलेले सगळे, पोरे मांडीवर घेऊन, गुडघ्याला गुडघा लावून दाटीवाटीने बसले. जावयाच्या दिशेने एकही नजर वळली नाही. त्याच्याशी बोलायचे नाही म्हणून ती सारी माणसे एकमेकांशी अखंड बोलत होती. गच्चीवर थवा उतरल्यासारखा कलकलाट चालला होता. मध्ये बसलेल्या विश्वनाथरावांनी दोनदा कढी मागून घेतली. भरल्या पानावरून कोणीही उठले नाही.

पंगत आटोपली, विडे वाटले गेले, आणि माणसे हात धुऊन अंगणात उतरली. दुसऱ्या पंगतीला एकटे मार्तंडराव बसले. गोपिका वाढत होती. पहाटेपासून ती चुलीपाशी होती. तिचे केस धुराने राखाडले होते.

"बघितलंस?" ते हळू, पण विजयी स्वरात म्हणाले. "आता सगळ्या रेघा माझ्यापाशी येतात. इतर कोणाची कोणाशी रेघच नाही. दोन पंगतींत बसला प्रश्न! सोप्या वर्गात आला."

गोपिकेने वडाभातावर फोडणीचे तेल घातले.

"बाबा पोटभर जेवले," ती एवढेच म्हणाली.

"जेवणारच! रीतच तशी आहे." त्यांनी वडा कुस्करला. "आणि तुझं तर कोणाशीच वाकडं नाही. तुझ्या वर्तुळाला रेघ नाही, म्हणजे तू कोणत्याही पंगतीत चालतेस. पहिलीत तर तू दिसली नाहीस." त्यांनी शेजारचा रिकामा पाट जवळ ओढला. "मग सांग ना, तू कोणत्या पंगतीत?"

खाली अंगणात कोणीतरी मोठ्याने हसले. गोपिकेने तेलाची वाटी उचलली, क्षणभर त्या पाटाकडे पाहिले, आणि जिन्याने खाली, त्या हसण्याकडे निघून गेली.