गर्दी कुठंय?

गणेशोत्सवातल्या बायकांच्या सगळ्या स्पर्धांत मिळून एकच पहिलं बक्षीस, म्हणजे पितळेची समई, मी भर सभेत माझ्याच बायकोला दिलं. सेक्रेटरी मी, गुणांचा कागद माझ्याच हातात. रांगोळीत हिला वीसपैकी एकोणीस पडले होते. दुसऱ्या कुठल्याच स्पर्धेत कुणाला एवढे नव्हते. यात चुकलं काय, ते सांगायला दुसऱ्या दिवशी सकाळीच दिगंबर मास्तर हजर.

मास्तर आमच्या गल्लीतले, गणित शिकवायचे. विलायतेहून मागवलेलं एक जाड पुस्तक वाचल्यापासून एकट्या आकड्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. मुलाला सत्तर मार्क पडले म्हणून मी पेढा दिला, तर तो हातात धरूनच त्यांनी विचारलं, "गर्दी कुठंय?" म्हणजे, बाकीच्या पोरांना किती? बाकीची पंचाहत्तरच्या आसपास होती. पेढा त्यांनी खाल्ला, पण हळहळत. फोपनार गावच्या कुणी केळीचा घड कौतुकाने दाखवला, की हे आधी सगळा मळा फिरून यायचे. कचेरीत दहा मिनिटं उशिरा पोचलो म्हटलं, तर म्हणाले, "तुमच्या मानाने लवकरच की!"

त्या सकाळी त्यांनी आमच्या ओट्यावर खडूने एक मोठी घंटा काढली; मधल्या फुगवट्यात गर्दी, कडांना एखाददुसरा.

"हे बघा, सेक्रेटरी. रांगोळीचे परीक्षक दिलदार. सगळ्या बायका सतराच्या आसपास, कुणी एक मार्क वर, कुणी एक खाली. म्हणजे इथं पाऊल एका मार्काचं. वहिनी गर्दीच्या दोन पावलं पुढं. बरोबर है ना?"

"है," मी म्हणालो.

"आता गोडाची स्पर्धा. दराब्याच्या मिठाईला परीक्षक वैद्यबुवा. त्यांच्या मते गोड म्हणजे रोगच! सगळ्या सातच्या आसपास, दोन मार्क इकडं, दोन तिकडं. पाऊल दोनाचं. आणि एकीला चौदा! साडेतीन पावलं! घंटेच्या पार बाहेर, एकटी!"

आत लाटणं थांबलं.

"पण मास्तर, या चौदा मार्कवाल्या सौ. रमाबाई आहेत कोण? सभेत नाव पुकारलं तर कुणी उठलंच नाही."

मास्तर घंटेची रेघ उगाच गिरवत राहिले.

"आमची मंडळी. जाऊन सहा वर्षं झाली. रीत तिची, हात माझे. डब्यावरच्या चिठ्ठीवर कैलासवासी लिहवेना." मग घाईघाईने म्हणाले, "समई नको हो मला. सभेच्या वहीत पहिला नंबर तिचा लिहा, बस्स. जन्मभर तिला 'ठीक झालाय' एवढंच म्हणालो. तेव्हा मला गर्दी मोजता येत नव्हती."

ही बाहेर आली आणि समई त्यांच्यापुढे ठेवली. "न्या, मास्तर. यांना नसेल, मला कळलं गणित."

मी वही आणून माझ्या बायकोचं नाव खोडलं, रमाबाईंचं लिहिलं. शाई वाळेपर्यंत मास्तर त्यावर फुंकर घालत होते.

ते गेल्यावर मी हिला विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"दराबा फेटायला दोघं लागतात," ही म्हणाली. "एकाचं मनगट भरून आलं की दुसऱ्याने घ्यायचं. त्यांचं भरून आलं तेव्हा कुणी घेतलं असेल हो?"