घुबडाच्या कानात कापूस

मुलांचं पुस्तक कसं करावं, हे मला कुणी शिकवू नये! पुण्यात मी चित्रकलेची बक्षिसं मिळवली आहेत. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, त्याच साली सरकारनं मलाही नळदुर्गच्या शाळेला जोडून टाकलं, म्हणून पुण्याचं नुकसान झालं, एवढंच!

तर मी स्वतःच्या हातानं एक चित्रांचं पुस्तक रंगवलं. परगावाहून आलेलं एक घुबड दारोदार विचारत फिरतं, "मला कुणी आपलं म्हणाल का?" शेवटच्या पानावर मी वर्गातल्या सगळ्या मुलांना घुबडाभोवती आपापली नावं लिहायला लावली. काय कल्पना! मी स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे घरमालक सिद्रामप्पा दारात उभे. मागे निम्मं गाव!

"मास्तर, घुबडाला आमच्या पोराचं, नागप्पाचं नाव सांगितलं व्हय तुमी?"

"मग?"

"मग काय! घुबडाला नाव कळलं की ते रोज हाका मारतंय, अन् ज्याचं नाव त्यो झिजून मरतोय!"

"अहो, ते कागदाचं आहे!"

"नाव तर खरं हाय न्हवं?"

माझं डोकं भडकलं. तरी नावांवर कागद चिकटवले.

"पर त्यानं आधीच ऐकलं असंल की!" सिद्रामप्पांची बायको लक्ष्मम्मा म्हणाली.

मी दातओठ खात घुबडाच्या कानात कापूस रंगवला.

"अन् वाचलं असंल तर?"

डोळ्यांवर पट्टी रंगवली! प्रेम शोधायला निघालेलं माझं घुबड दवाखान्यातून पळून आल्यासारखं दिसू लागलं.

"अडाणी आहात सगळे!" मी ओरडलो.

"उद्या खोली खाली करा," सिद्रामप्पा शांतपणे म्हणाले.

झालं! घुबडवाल्या मास्तराला गावात दुसरी खोली कोण देणार? माझी बायको शारदा भांडी बांधू लागली.

तिन्हीसांजेला मी अंगणात ट्रंक आवळत गावाच्या नावानं बोटं मोडत होतो. तेवढ्यात समोरच्या कडुलिंबावर घुबड येऊन बसलं. खरंखुरं! आणि थेट माझ्याकडे बघू लागलं. नेमकी त्याच वेळी गल्लीतून सिद्रामप्पांनी मला नावानं हाक मारली, "ओ गोपाळकृ..."

मी ट्रंक टाकून धावलो आणि त्यांचं तोंड दाबलं!

त्यांनी लिंबाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. सावकाश माझा हात बाजूला केला आणि कुजबुजले, "ट्रंक आत न्या, मास्तर. आता तुमी आमचेच की वो!"

असा संताप आला! अंधश्रद्धेवर त्यांना तिथंच चांगलं सुनावणार होतो. पण घुबड काही हललं नव्हतं. मी निमूट ट्रंक उचलली, आणि एरवी घरभर 'शारदा, शारदा' करणाऱ्या मी बायकोला नुसतं 'अगं ए' म्हणून दार उघडायला सांगितलं.