शहाण्या पाचजणी

शिरसाटांच्या पुढच्या खोलीत त्या शनिवारी दहा पणत्या होत्या, पाच बुधल्या, एक जरीचा फेटा आणि तीन कुमारी. कुमारी दहा हव्या होत्या. तिघींपैकी एक, लीलाबाई, उरलेल्या दोघींची आई होती. पण तो मुद्दा कोणी काढला नाही.

हिंदी मुलखातल्या शिंदे की छावनी या वस्तीतल्या या घरात दर रविवारी संध्याकाळी मराठीतून उपासना होई, आणि शेवटी घरचेच लोक बायबलातला एखादा दृष्टांत करून दाखवीत. पूर्वी खोली भरून माणसं असत. मग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांबरोबर ओळखीची ख्रिस्ती मराठी कुटुंबंही गेली. शरच्चंद्र शिरसाट राहिले, कारण त्यांचं खातं कुठे जायचं ते अजून ठरलं नव्हतं. पाद्रीसाहेबांनी समजुतीनंच सांगितलं होतं की चार माणसांसाठी वेगळी उपासना कशाला, सगळ्यांनी हिंदीतच यावं. तरी रविवारी येऊन बघतो आणि मग ठरवतो, असंही ते म्हणाले होते.

शरच्चंद्रांची हिंदी उत्तम होती. दिवसभर ते त्याच भाषेत फायली लिहीत. पण हिंदीत प्रार्थना करायला बसलं की आपण देवाकडे रजेचा अर्ज करतो आहोत असं त्यांना वाटे. म्हणून त्यांनी खोली भरलेली दिसेल असा दृष्टांत निवडला. दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट बघतात. पाच शहाण्यांनी जादा तेल आणलेलं असतं, पाच मूर्ख तशाच आलेल्या असतात. वराला उशीर होतो. मूर्खांचे दिवे मंदावतात, शहाण्या तेल द्यायला नकार देतात, मूर्ख बाजारात धावतात. तेवढ्यात वर येतो, दार बंद होतं आणि मूर्ख बाहेर राहतात.

लीलाबाई शेजारच्या सुमनताईंकडे गेल्या. सुमनताईंच्या सासरची तीन पिढ्यांची चाकरी शिंद्यांच्या फौजेत झाली होती, आणि माणसं जमवणं त्या घरात अंगवळणी होतं. तासाभरात त्या आळीतल्या सहाजणींना घेऊन आल्या. सगळ्या लेकुरवाळ्या, एकीला तर नात होती.

मग कोणी मूर्ख व्हायला तयार होईना. पाहुण्यांना मूर्ख कसं म्हणायचं, म्हणून लीलाबाई स्वतः झाल्या. त्यांनी कॉलेजात शास्त्र शिकणाऱ्या थोरल्या वनमालेला केलं, आणि "मैं नहीं बनूँगी" म्हणणाऱ्या धाकट्या मधूलाही केलं. आळीतल्या दोघी भिडेखातर झाल्या. हिशेब लागला तेव्हा शरच्चंद्रांच्या ध्यानात आलं की आपण सोडून घरातले झाडून सगळे ख्रिस्ती मूर्ख झाले आहेत आणि शहाण्या पाचही जणी हिंदू आहेत.

खरी अडचण तालमीत आली. मूर्खांनी तेल मागितलं आणि सुमनताई गप्प उभ्या राहिल्या.

"नाही म्हणा ना, ताई," शरच्चंद्र म्हणाले.

"दिव्याला तेल मागणाऱ्या सवाष्णीला नाही म्हणू? माझ्या तोंडून नाही निघायचं ते."

"बरं, मग नुसतं 'बाजारातून आणा' म्हणा."

"किती वाजलेत तुमच्या गोष्टीत?"

"मध्यरात्र."

"वा! मध्यरात्री बायकांना बाजारात धाडू? आणि कोणतं दुकान उघडं असतं हो?"

बराच वेळ समजावल्यावर, पाद्रीसाहेबांपुरतं एकदा म्हणीन, असं त्यांनी कबूल केलं. वनमालेनं अर्ध्या चमच्याचा प्रयोग करून बघितला होता. पणती चौदा मिनिटं जळत होती. तेवढंच तेल तिनं प्रत्येक पणतीत घातलं, आणि शहाण्यांच्या बुधल्यांत प्रत्येकी दीड चमचा.

रविवारी पाद्रीसाहेब येऊन खुर्चीवर बसले. शरच्चंद्र वराचा फेटा बांधून गल्लीत गेले. मूर्ख तेल आणायला बाहेर पडल्या की त्यांनी आत यायचं, असं ठरलं होतं. आत गाणं झालं, कुमारी पेंगल्या, जाग्या झाल्या. मधूची पणती फडफडू लागली. तिनं तेल मागितलं. सुमनताईंनी तोंड उघडलं, पाद्रीसाहेबांकडे बघितलं, पणतीकडे बघितलं, आणि बुधली तिरकी केली. ते बघून उरलेल्या चौघींनाही धीर आला.

आता कोणालाच बाजारात जायचं नव्हतं. दारातून वारा येत होता, म्हणून एकीनं दार लोटून कडी घातली.

गल्लीत शरच्चंद्र उभेच होते. सुमनताईंचे यजमान महिपतराव येऊन त्यांना न्याहाळत होते. खातं भोपाळला चाललं म्हणून हा निरोपाचा फेटा आहे का, असं त्यांनी विचारलं. शरच्चंद्रांनी आपण वर असल्याचं सांगितलं. महिपतरावांनी पुढे काही विचारलं नाही, पण ते जागचे हललेही नाहीत. शेवटी शरच्चंद्रांनी स्वतःच्या घराचं दार वाजवलं.

"दार उघडा," ते म्हणाले.

दृष्टांतात हे वाक्य मूर्खांचं होतं आणि त्यावर वरानं उत्तर द्यायचं होतं. पण वर बाहेर होता. मधूला सगळ्यांची वाक्यं पाठ होती, आणि एक वाक्य रिकामं राहतंय हे तिला सहन झालं नाही.

"मी तुम्हाला ओळखत नाही," ती आतून म्हणाली.



"अगं, घरधन्याला कोणी बाहेर ठेवतं का?" म्हणत सुमनताईंनी कडी काढली. शरच्चंद्र आत आले. समोर दहा पणत्या पेटलेल्या होत्या. त्यांनी पाद्रीसाहेबांकडे बघायचं टाळलं, आणि फेटा काढून हातात घेतला. सुमनताईंना आपण काय केलं ते आत्ता उमगलं असावं. रिकामी बुधली त्यांनी पदराखाली घेतली.

पाद्रीसाहेबांनी प्रवचनासाठी खूण घालून आणलेलं पुस्तक उघडलं, आणि थोड्या वेळानं मिटलं.

"अगले इतवार कौन-सा दृष्टांत है?" त्यांनी विचारलं.

शरच्चंद्र फेटा गुंडाळू लागले. पाद्रीसाहेब सुमनताईंकडे वळले. "ताई, आप भी रहेंगी?"

"रहूँगी. पण मला नाही म्हणायचं काम देऊ नका."

पाद्रीसाहेब उठले नाहीत. पणत्यांकडे बघत बसून राहिले. वनमालेच्या हिशेबानं, पणत्या लावल्यापासून वर एकतिसाव्या मिनिटाला आला होता. शेवटची पणती एकोणचाळिसाव्या मिनिटाला शांत झाली.