सकाळी ऋषी, दुपारी सिंह

"एकवीस दिवस! फक्त एकवीस दिवस द्या मला. बाविसाव्या दिवशी मी इतका थंड झालेला असेन, की माझ्या डोक्यावर बर्फ ठेवलात तर बर्फालाच हुडहुडी भरेल!"

ब्रेकमास्तरांनी ही घोषणा केली तेव्हा जेवणाच्या टेबलाशी दोनच माणसं होती, बायको आणि लेक. बायको वाढत होती, ती वाढतच राहिली. लेकीनं तर मानही वर केली नाही, कारण रविवारपासून ती बापाशी बोलतच नव्हती.

ब्रेकमास्तर हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गेली बावीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवत होते. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो त्यांनी इतक्या वेळा दाबला होता, की घरी सोफ्यावर बातम्या बघतानाही पडद्यावर गाडी आली रे आली, की त्यांचा पाय समोरच्या टीपॉयला लागायचा. आजवर दोन टीपॉय गेले. आवाजाचं तर विचारूच नका. काचा बंद असल्या तरी त्यांचं "आरसा बघा!" पुढच्या सिग्नलपर्यंत ऐकू जायचं आणि तिथले चार अनोळखी लोक निमूटपणे आरशात बघायचे.

रविवारी मात्र प्रकरण घरावर शेकलं होतं. लेक जनावरांची डॉक्टर. तिला फिरत्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती, पण व्हॅन स्वतः चालवायची अट होती. लायसन्सची परीक्षा बरोबर तीन आठवड्यांवर आलेली. बापच मास्तर असताना शिकवणी दुसरीकडे कशाला, म्हणून दोघं निघाली आणि पहिल्या पाव तासात मास्तर अकरा वेळा "मेलो!" म्हणून ओरडले. बाराव्या "मेलो!"ला लेकीनं सिग्नल दिला, गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली बापाच्या हातात ठेवली.

"बाबा, मेलेल्या माणसाला कसलीच घाई नसते. तुम्ही या सावकाश."

आणि ती पायी घरी गेली.

मास्तरांना ते लागलं. गाडी कडेला घेतली होती अगदी झकास, हे तर जास्तच लागलं.

आता गंमत बघा. मास्तरांची बायको औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट. कुठल्या गोळीशी काय चालतं, काय चालत नाही, हे तिला झोपेतही विचारावं. पण काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते उगीच नाही! मास्तरांनी सल्ला घेतला तो मोबाइलमधल्या एका दाढीवाल्याचा. तो डोंगरावर बसून सांगत होता, की काही वनस्पती आणि काही अळंब्या अशा असतात की त्या शरीराला रोजच्या ताणाशी जुळवून घ्यायला शिकवतात.

"शिकवतात!" मास्तर खूश झाले. म्हणजे आपल्याच धंद्यातल्या की!

तीन पाकिटं आली. एक अश्वगंधा. दुसरी रेशी नावाच्या मशरूमची पूड. मास्तरांनी तिचं लगेच 'ऋषी' करून टाकलं. नावातच तपश्चर्या असल्यावर शांती कुठे जाते? तिसऱ्या मशरूमला इंग्रजीत सिंहाची आयाळ म्हणतात. शांत व्हायला सिंहाचे केस कशाला लागतात, हे त्यांना कळलं नाही, पण तिन्ही एकत्र घेतली तर पोस्टखर्च माफ होता.

बायकोला सांगायचं नाही हे आधीच ठरलं होतं. सांगितलं तर ती नको म्हणणार. म्हणून पाकिटं गाडीच्या डिकीत, जादा चाकाच्या खड्ड्यात दडवली. सोबत थर्मास, इवलासा चमचा आणि प्रगती लिहायला एक वही.

पहिल्या घोटाला मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पावसात राहिलेला पुठ्ठा उकळून त्यात जुना बूट बुडवावा, तशी चव! पण एकदा शब्द दिला म्हणजे दिला. नाक दाबून प्यायले.

आणि काय सांगू, चौथ्या दिवसापासून मास्तर गप्प झाले!

एका विद्यार्थ्यानं गाडी फूटपाथवर चढवली. मास्तर म्हणाले, "हं." दुसऱ्यानं गोल चौकाला उलटी प्रदक्षिणा घातली. मास्तर म्हणाले, "असंही जाता येतं." परीक्षेपायी अबोल्यासकट आलेल्या लेकीला पुन्हा शिकवायला घेतलं, तेव्हा तिनं तीन वेळा गाडी बंद पाडली. मास्तर मऊ आवाजात म्हणाले, "पाडू दे गं, बंदच तर पडलीये." लेकीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि चौथ्यांदा बंद पाडली. त्या आठवड्यात तिचं गाडी चालवणं दिवसेंदिवस बिघडतच गेलं. पण मास्तरांच्या ते लक्षात आलं नाही. शांत होते ना!

लक्षात आलं ते हेडबाईंच्या. हेडबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्रेसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला आलेल्या. चाळीस वर्षं मुलांचे खिसे तपासलेली बाई! त्या दिवशी त्यांनी वळण जरा लवकर घेतलं आणि गाडी फुलवाल्याच्या दुकानासमोरच्या बादल्यांत घातली. ठण्ण! धप्प! दोन बादल्या आडव्या, काचेवर झेंडूच झेंडू, फुलवाला बोंबलतोय. हेडबाईंनी डोळे मिटून शेजारच्या गर्जनेची वाट पाहिली.

"ताजी दिसतायत फुलं," मास्तर म्हणाले.

हेडबाईंनी एक डोळा उघडला. मास्तरांच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि चेहऱ्यावर एक दूरचं हसू होतं. असं हसू हेडबाईंनी नववी 'क'च्या मागच्या बाकावर पाहिलं होतं आणि त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी आईवडिलांना घेऊन यायला सांगितलं होतं.

बादल्या उचलून, फुलवाल्याची समजूत काढून झाल्यावर मास्तर डिकीशी गेले. हेडबाई दबकत मागोमाग. मास्तर जादा चाकाखालून एक पाकीट काढून चमच्यानं तपकिरी पूड थर्मासात टाकत होते.

"काय आहे ते?" मागून शाळेतला आवाज आला.

मास्तर दचकले. चमचा खाली पडला. इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "मशरूम आहे, बाई. ताण फार असतो हो. फक्त घरी कुणाला सांगू नका!"

बस्स! हेडबाईंनी तीस वर्षं 'व्यसनाला नाही म्हणा' हा तास घेतला होता. त्यातला प्रत्येक शब्द आज त्यांच्यासमोर डिकीत वाकून उभा होता.

त्यांनी थेट स्कूलच्या मालकीणबाईंना गाठलं. संध्याकाळी पाच वाजता ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात मास्तरांना बोलावणं आलं. ऑफिस म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. मास्तर आत शिरले तर टेबलावर त्यांची तिन्ही पाकिटं, थर्मास, चमचा आणि वही! एका बाजूला मालकीणबाई, दुसऱ्या बाजूला हेडबाई, 'प्रवेश बंद'च्या खुणेखाली त्यांची बायको, अंगात दुकानातला पांढरा कोट तसाच, आणि दाराशी शिकवणीसाठी आलेली लेक. मास्तरांनी थर्मासाकडे हात नेला, हेडबाईंनी तो बाजूला सरकवला. शांतीचा तो पहिलाच अपमान!

"हे तुमचंच अक्षर ना?" मालकीणबाईंनी वही उघडली. "दिवस चौथा. सकाळी ऋषी, दुपारी सिंह. सिग्नलचा लाल रंग आज फार सुंदर दिसला."

"अहो, दिसला तो!" मास्तर म्हणाले.

"दिवस सहावा. ऋषींनी गाढ झोपवलं. सिंहानं उठवलं. सिंह कडू आहे." मालकीणबाईंनी चष्मा काढला. "मास्तर, बावीस वर्षं तुम्ही माझ्याकडे आहात. तुमच्या हाती मी लोकांचे जीव देते हो! आणि तुम्ही सिंह चाटताय?"

"कबूल करून टाका," हेडबाई कळवळून म्हणाल्या. "कबुली ही पहिली पायरी असते. मी आहे तुमच्या पाठीशी. तुम्ही एकटे नाही!"

"एकटा कसा असेन? तुम्ही सगळ्या आहात की!" मास्तर म्हणाले आणि आधारासाठी बायकोकडे वळले.

बायको एकेक पाकीट उघडून वास घेत होती, मागची बारीक अक्षरं वाचत होती. मग तिनं टेबलावर हात आपटला.

"अश्वगंधा!"

"ते काय नशेचं असतं का हो?" मालकीणबाईंनी घाबरून विचारलं.

"नशेचं नाही, काही नाही. ही मशरूमही साधीच आहेत. नशा आहे ती यांच्या डोक्यात!" बायको नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमची ब्लडप्रेशरची गोळी?"

"चालू आहे की. रोज सकाळी."

"या सगळ्याबरोबर?"

"गोळी चुकवायची नाही असं तूच बजावलंस ना!"

बायकोनं पिशवीतून ब्लडप्रेशरचं यंत्र काढलं. मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्र फुगलं, कण्हलं, आकडा दाखवला.

"अठ्ठ्याण्णववर साठ," बायको म्हणाली. "तुम्ही शांत नाही झालात हो. तुम्ही ओसरलात!"

तिथून वरात थेट डॉक्टरांकडे. गाडी हेडबाईंनीच चालवली आणि मास्तर इतके ओसरलेले होते की त्यांनी चालवू दिली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि सांगितलं, की अशा वनस्पतींचा काहींना उपयोग वाटतोही, पण गोळ्यांसोबत न विचारता घेतल्या की दोघं मिळून माणसाला झोपवतात. पुड्या बंद, दोन दिवस गाडी बंद, आराम चालू.

घरी बायको उशाशी बसली. "मला एका शब्दानं विचारायचं होतं."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असतेच! त्यासाठीच विचारायचं असतं!" आणि तिनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण विनाकारण तिसऱ्यांदा सारखं केलं.

लेक दारात उभी होती. रविवारपासून साठवलेलं तिला आता धरवेना.

"बाबा, तुम्ही गप्प झालात ना, तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझा नादच सोडला."

"अगं वेडे! तुझ्यासाठीच तर तो बूट उकळून प्यायलो मी!"

"कोण म्हणालं होतं प्यायला? तुम्ही ओरडलात की निदान कळतं, कुठे चुकतंय ते. गप्प बसलात की वाटतं, सगळंच चुकलंय." तिनं डोळे पुसले. "ओरडा. पण नियमानं. 'ब्रेक' चालेल. 'आरसा' चालेल. 'मेलो' बंद!"

तह झाला. साक्षीला आई.

तिसऱ्या दिवसापासून गल्लीनं पुन्हा तो आवाज ऐकला. "आरसा! ब्रेक! डावीकडे, अगं दुसरं डावीकडे!" 'मे' एवढंच अक्षर दोनदा मास्तरांच्या ओठापर्यंत आलं, पण त्यांनी त्याचं 'मेहनत घे' करून टाकलं. लेकीची गाडी एकदाही बंद पडली नाही.

परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानाच्या कुंपणाला धरून उभे. गाडी निघाली, वळली, चढावर थांबली, मागे आली आणि बरोबर चौकटीत बसली. परीक्षक खाली उतरले ते कानात बोट घालून.

"पास," ते म्हणाले. "पण बाई, प्रत्येक वळणाला स्वतःलाच 'आरसा!' म्हणून ओरडत का होता?"

"सवय आहे," लेक ओशाळून म्हणाली. "बाबांनी शिकवलंय."

"ते ऐकू आलं," परीक्षक म्हणाले.

मास्तरांना रडू आवरेना. कुंपणानं फार सांभाळून घेतलं.

परतताना लेक चालवत होती, मास्तर शेजारी. भर रहदारीचा रस्ता, पाऊण तासाचा. आणि नवल घडलं! सबंध वाटेत मास्तरांनी एक शब्द काढला नाही. डोळे मिटलेले, हात मांडीवर, मान मागे टेकलेली. लेकीनं दोनदा प्रेमानं त्यांच्याकडे पाहिलं. एकदा तर त्या पाहण्यापायी समोरचा ट्रक जरा जास्तच जवळ आला.

घरात पाऊल ठेवताच ती आईच्या गळ्यात पडली. "आई, पास! आणि ऐक, बाबा झोपले! माझ्या शेजारी! बावीस वर्षांत कधी चालत्या गाडीत डोळा लागला नव्हता त्यांचा!"

बायकोनं कौतुकानं नवऱ्याकडे बघितलं. लेक मैत्रिणींना फोन करायला आत पळाली. मग बायकोनं सवयीनं यंत्र आणलं आणि दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून ती थबकली.

"अहो, हे तर एकशे अठ्ठ्याहत्तर! झोपून उठलेल्या माणसाचं?"

मास्तरांनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"झोपलं कोण होतं? डोळे गच्च मिटून घेतले होते मी. अगं, तिला सांगू नकोस!"