देशकर काकांची ऐकण्याची स्पर्धा

आमच्या हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यातले देशकर काका कोणत्याही लेकराला परवानगीशिवाय हात लावत नाहीत. माझा भाचा आठ महिन्यांचा असताना ते त्याला बघायला आले आणि वाकून म्हणाले, "बाळासाहेब, उचलू का?" बाळासाहेब शिंकले. "नाही म्हणून राहिला," असं म्हणत काकांनी आणलेलं झबलं माझ्या बहिणीच्या हातात दिलं आणि निमूट खुर्चीवर जाऊन बसले. पोहे खाऊन उठेपर्यंत पुन्हा विचारलं नाही.

काका रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यातून दुसऱ्यांना हिरवी झेंडी दाखवली. आता स्वतःला मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं.

त्यात हातात व्हॉट्सॲप आलं. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सकाळी सगळे गुलाबाची फुलं टाकतात, काका प्रश्न टाकतात. "काल नातवाले पापा मागितला का? त्यानं नाही म्हटल्यावर रुसले का?" किंवा "पोट्टी एखाद्या घरी जाले तयार नाही, तर काहून, हे तिले शांतपणे विचारलं का?" खाली कोणी हात जोडतं, कोणी चुकून वाढदिवसाचा केक पाठवतं. वर काकांचे व्हिडिओ. त्यात अर्धं कपाळ आणि अख्खा पंखा दिसतो, मागे काकूंचा कुकर. शिट्टी झाली की काका वाक्य तिथंच थांबवतात आणि ती संपल्यावर तिथूनच उचलतात. माझ्या नवऱ्यानं ग्रुप म्यूट केला होता. खोटं कशाला बोलू, मीही केला होता.

गणपतीत मात्र म्यूट करायची सोय नव्हती. फॅन्सी ड्रेस झाला की आपली ऐकण्याची स्पर्धा, असा काकांनी मंडळापाशी हट्ट धरला. आईबाप खुर्चीवर, पोर समोर. पोरानं तीन मिनिटं हवं ते बोलायचं. मोठ्यांनी "काहून", "पण", "खोटं नको बोलू" असं मधे काहीही म्हटलं की बाद. शिट्टी काकांच्या गळ्यात.

काय फजिती झाली बाप्पा. एक बँकेतले साहेब वीस सेकंदांत गेले. पोरगं "पापा, मॅथ्स में..." एवढंच म्हणालं होतं. एका मुख्याध्यापिका बाईंनी तर मुलीनं तोंड उघडायच्या आधीच "सरळ उभी राहा" म्हटलं. मी अकरा सेकंद टिकले. माझी ईरा चौथीत आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "मम्मी, आप ना..." आणि मी म्हणाले, "मराठीत बोल." सगळा मांडव हसला. काका हसले नाहीत. "मंजू, घरी सराव कर," म्हणाले.

दसरा झाला. एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते. ईरा येऊन म्हणाली, "मम्मी, तीन मिनट बैठोगे? काका वाला?"

मी बसले.

"ड्रॉइंग वाले सर मुझे गोदी में बिठाते हैं. मैं उतरती हूँ तो फिर पकड़ लेते हैं. बोले, मम्मी को बताओगी तो मम्मी तुमको ही डाँटेगी."

माझ्या जिभेवर चार प्रश्न आले. कधीपासून? आधी काहून नाही सांगितलं? त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता आणि ओरडले असते ईरावर. मी ओठ दाताखाली धरले. ती बोलत राहिली. थांबली तेव्हा मी म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही." हे वाक्य माझं नव्हे. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं, काकांचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून हेल्पलाइन, पोलीस ठाणं, जबाब. काका रोज पाण्याची बाटली घेऊन बाहेरच्या बाकावर बसत. आमच्या मागोमाग क्लासमधल्या आणखी दोन मुलींच्या आया तक्रार द्यायला आल्या. क्लास बंद झाला, केस सुरू आहे. ईरा चित्रं काढते, आता घरीच.

मग एका दुपारी मी काकांचे आभार मानायला गेले. काकू देवळात गेल्या होत्या. मी म्हणाले, "काका, तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर. तुम्ही नसते तर मी तिला गप्प बसवलं असतं." ते खरंच होतं.

काका म्हणाले, "ते राहू दे. तिनं सांगितल्यावर तू काय म्हणाली?"

"बरं झालं सांगितलंस, म्हणाले."

"अन् मग?"

"जवळ घेऊ का, विचारलं. हो म्हणाली."

काका खिडकीकडे बघत राहिले. "मी पण सांगितलं होतं," ते म्हणाले. "नऊ वर्षांचा होतो. माय भाकरी थापून राहिली होती. म्हणे, मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये. हात धू, जेवाले बस." मग घाईनं म्हणाले, "मायले नावं नको ठेवू. जीव टाकायची माझ्यावर. तिले ऐकाले कोणी शिकवलंच नव्हतं."

"मग?"

"मग काय. हात धुतले, जेवलो."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. काका पुढचं सांगू लागले, आणि काकू देवळातून येईपर्यंत सांगत राहिले.