सारखेच दिसते

माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट त्याला दाखवत बसणे हा उघड अपव्यय आहे. चित्र-प्रक्षेपण मानक मंडळाने हे सत्य वेळीच ओळखले आणि व्हिडिओ दाबून लहान करण्याचा नवा नमुना तयार केला. तत्त्व साधे. चित्रातले जे हलते ते पाठवायचे. जे हलत नाही ते मागेच पोचले असे धरून चालायचे. (मंडळाच्या पत्रव्यवहारात ही पद्धत पूर्वीपासून यशस्वी आहे.)

मंजुरीसाठी चाळीस सामान्य प्रेक्षक बोलावले. 'सामान्य' म्हणजे चष्मा असून तो न पुसणारा, अशी व्याख्या नियमांत आहे. डाव्या पडद्यावर एका वाद्यवृंदाचे संग्रहातले मूळ चित्र, उजव्यावर तेच दाबलेले. 'सारखेच दिसते' हे हिरवे बटण हाताशी होते. 'फरक दिसतो' हे लाल बटण झाकणाखाली होते आणि झाकण उघडायला लेखी कारण लागे. नमुना मंजूर झाला की संग्रहातली मूळ चित्रे पुसून दाबलेली ठेवायची, हे आधीच ठरले होते.

एकोणचाळीस जणांनी हिरवे बटण दाबले. त्यांतल्या अकरा जणांनी चित्र सुरू होण्यापूर्वी. चाळिसावी होती रफू करणारी एक मावशी. आयुष्य विटक्या कापडाला जुळणारा दोरा शोधण्यात गेल्यामुळे तिची नजर बारीकसा फरकही दिसण्याइतकी पार बिघडलेली होती.

उजव्या पडद्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अहो साहेब, आमचे हे कुठं गेले?"

"हे म्हणजे कोण?" मंडळाच्या अभियंत्यांनी विचारले. ('हे' या नावाची व्यक्ती वादकांच्या यादीत आढळली नाही.)

"मागच्या रांगेतले. झांजवाले."

"मावशी, ते हलत नव्हते."

"हलतील कसे? त्यांची झांज शेवटी एकदाच. तोवर दम धरून बसायचं, हेच तर त्यांचं काम."

"मग शेवटी येतील की!"

"आले ना. नुसते हात आले. बाकीचा माणूस कुठाय?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तेवढं डावीकडचं पुसू नका हो. त्यांचं हलतंबोलतं एवढंच उरलंय."

अभियंत्यांनी तिचे म्हणणे लिहून घ्यायला पेन काढले. (अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.)

मंडळाने प्रकरणाचा सर्व बाजूंनी विचार केला. नमुना निर्दोष निघाला. प्रेक्षकांत एक दोष आढळला, तो काढून टाकण्यात आला. समाधानाचे प्रमाण शंभर टक्के झाले. मंगळवारी मूळ चित्रे पुसली. सहानुभूती म्हणून मावशीला त्या चित्राची एक प्रत घरपोच दिली. अर्थात दाबलेली. ती रोज लावते म्हणे, आणि त्या दोन हातांसाठी शेवटपर्यंत बसून राहते.

नमुना लागू होऊन तीन वर्षे झाली. आपल्या घरच्या पडद्यावर तोच चालतो. या काळात आपल्याकडून एकही तक्रार आली नाही. आपण जागचे हललासुद्धा नाहीत, याची मंडळाने नोंद घेतली आहे.